अकरा काड्या

९ ऑगस्ट २०२४, शुक्रवार. सकाळी काड्या उकळत ठेवल्या होत्या. आइस्क्रीमच्या असतात तशा, लाकडी, चपट्या, दोन्ही टोकांना गोल. पातेल्यात पाणी, चिमूटभर मीठ, गजर लावून दहा मिनिटं. नागपंचमी होती. त्या दिवशी आमच्याकडे चिरत नाहीत, तळत नाहीत, तवा चढवत नाहीत. उकळलेलं आणि उकडलेलं चालतं. सासूबाई गेल्यापासून हे पाळायला लावणारं घरात कोणी उरलेलं नाही, पण वर्षातून एक दिवस भाजी न चिरण्याची सवलत मिळत असेल तर ती मी सोडत नाही. एका शेगडीवर कुकरमध्ये वरणभात, दुसऱ्या शेगडीवर काड्या. नवऱ्याने दोन्हींत डोकावून विचारलं, यातलं जेवायचं कुठलं.

काड्या माझ्या तोंडाच्या होत्या. मला स्क्लेरोडर्मा आहे. कातडी, सांधे, आतले अवयव या सगळ्यांना धरून ठेवणारं एक जाळं शरीरात असतं, त्याला संयोजी ऊती म्हणतात. त्यांचा हा दुर्मीळ आजार. जाळं विनाकारण जाड आणि घट्ट होत जातं. माझी सुरुवात बोटांपासून झाली. मी एका सरकारी कारखान्यात नोकरी करते, आणि आजारापूर्वी तिथल्या मापनशाळेत होते. मापनशाळा बारा महिने वीस अंशांवर ठेवतात, कारण उष्णतेने धातू वाढतो आणि माप चुकतं. त्या गारठ्यात माझी बोटं पांढरीफटक पडायची, मग जांभळी व्हायची, मग ठणकायची. काही दिवस हातमोजे घालून काम रेटलं. शेवटी साहेबांनी मला वरच्या मजल्यावर खरेदी विभागात बसवलं, खिडकीशी, उन्हात. सगळे म्हणाले, बरं झालं. मला तसं वाटलं नाही.

मग तोंड. ओठांभोवती उभ्या चुण्या पडल्या आणि बटव्याची नाडी हळूहळू ओढावी तसं तोंड लहान होत गेलं. आधी वडापाव सुटला, मग पाणीपुरी, मग जेवणाचा चमचा जाऊन साखरेच्या डब्यातला चमचा आला. इथवर माझी फारशी तक्रार नव्हती. माणूस चिरून, कुस्करून, कालवून खाऊ शकतो. पण उजवीकडची खालची शेवटची दाढ किडली आणि सगळं अडलं.

आमच्या के. आर. पुरममधला दातांचा डॉक्टर तरुण आहे, सभ्य आहे. त्याने बराच वेळ प्रयत्न केला आणि हात टेकले. म्हणाला, मॅडम, माझी हत्यारं आत जातच नाहीत. पुढचे वरचे आणि खालचे दात यांत निदान पंचवीस मिलिमीटर अंतर मिळालं तर खुर्चीत बसवून दाढ काढता येईल. नाही तर मोठं इस्पितळ, पूर्ण भूल, नाकातून नळी. आणि माझ्या फुप्फुसांनाही आजाराने हात लावलेला असल्याने भूल देणाऱ्या डॉक्टरांनी आधीच मान हलवली होती. जमलं तर टाळा, असं त्यांचं म्हणणं. तोवर दाढ सुजली की गोळ्या, उतरली की वाट. दोनदा पू झाला. तिसऱ्यांदा गाल इतका सुजला की खरेदी विभागातल्या पोरांनी माझ्याकडे बघणं टाळलं.

म्हणून लेसर. सांध्यांच्या डॉक्टरांनी मला मल्लेश्वरमच्या एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे पाठवलं. त्या ओठांभोवतीच्या कातडीत लेसरने सुईच्या टोकाहून बारीक छिद्रं पाडतात. ती भरून येताना कातडी जरा मऊ येते, जरा ताणते. आजार याने बरा होत नाही. तोंड उघडायला मदत होते, तीही काहींना. हे डॉक्टरीणबाईंनी मला पहिल्याच दिवशी दोनदा सांगितलं, आणि लोक नीट ऐकत नाहीत म्हणून तिसऱ्यांदाही. आधी बधिर करणारं मलम लावून तासभर बसायचं, मग डोळ्यांवर चष्मा, मग कट्कट् आवाज आणि केस जळाल्यासारखा वास. नंतर आठवडाभर तोंडाभोवती चहाची पूड चिकटल्यासारख्या खपल्या. दीड-दोन महिन्यांनी पुन्हा.

नुसतं लेसर करून भागत नाही. रोज तोंड ताणायचं, आणि त्यासाठी या काड्या. एकावर एक रचून, रबर लावून, जुडी पुढच्या दातांत धरायची आणि थांबायचं. सोपं जायला लागलं की मध्ये आणखी एक काडी सरकवायची. मला ही पद्धत पाहताक्षणी पटली. मापनशाळेत आमच्याकडे स्लिप गेज असायचे, पोलादाच्या चकचकीत वड्या. त्याही अशाच एकावर एक रचून हवी ती उंची करायची आणि तिच्यावर दुसरं उपकरण तपासायचं. नोकरीची सगळी वर्षं जे हाताने केलं तेच आता दाताने.

डॉक्टरीणबाईंनी पहिल्या दिवशी स्वतःची पट्टी लावून मोजलं होतं, पुढचं मोजमाप उपचार संपल्यावर करणार होत्या. मधल्या काळात त्या फक्त "किती?" विचारायच्या आणि आम्ही काड्या सांगायच्या.

आम्ही म्हणजे मी आणि ती.

तिला मी पहिल्यांदा पाहिलं ते मलम लावून बसायच्या खोलीत. दोघींच्याही ओठांभोवती पांढरं फासलेलं, समोरासमोर बाकांवर, जशा दह्यात तोंड घातलेल्या दोन मांजरी. तिला तोच आजार, माझ्याहून सात-आठ वर्षांनी लहान. कोणाशी तरी फोनवर मराठीत बोलत होती, म्हणून मी तोंड वर केलं. मराठी, पण मी कधी न ऐकलेलं. तिचं घराणं साडेतीनशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर इकडे कन्नड मुलखात आलं आणि इथलंच झालं. नवऱ्याचं चिकपेटेत कापडाचं दुकान. मी मराठी आहे कळल्यावर तिने बाकावरची पिशवी उचलली आणि म्हणाली, "बसा की अक्का, स्वल्प जागा आहे इथं." म्हणजे थोडी. तेव्हापासून मी अक्का.

ती मला पहिल्या दिवसापासून आवडली असती, तिचं तोंड उघडत नसतं तर.

सुरुवातीला आम्ही जवळजवळ बरोबरीच्या होतो. तिच्या दहा काड्या, माझ्या अकरा. मी एका काडीने पुढे होते आणि त्यात मला किती समाधान होतं हे मी घरीही बोलले नव्हते. दुसऱ्या खेपेला तिच्या अकरा, माझ्या अकरा. मग तिच्या बारा, माझ्या अकरा. मग तेरा. मी तिथेच.

आणि मेहनत कोणाची? मी दिवसातून तीनदा गजर लावून व्यायाम करत होते. काड्यांच्या दोन जुड्या केल्या होत्या, एक वापरायची, एक उकळून जाळीवर वाळत घालायची, दुसऱ्या दिवशी अदलाबदल. तोंडात घालायची वस्तू म्हटल्यावर त्याशिवाय मला चालत नाही. व्हॅसलीन वेळेवर, उन्हात टोपी, लेसरनंतर सांगितलेले दिवस विश्रांती, त्यापलीकडे एकही सुट्टी नाही. ती मात्र सरळ सांगायची की दुपारचा व्यायाम झोपेत जातो. काड्या धुता कशा, म्हणून मी एकदा विचारलं. म्हणाली, "धुवायच्या कशाला अक्का? चार दिवस झाले की टाकते, नवीन काढते." टोपी तिच्याकडे नव्हतीच. पदर घ्यायची डोक्यावर, तोही घसरायचा.

तिचा नवरा दर खेपेला दुकान सोडून यायचा. बाहेर बसून संत्र्याची एकेक फोड सोलून, बिया काढून डबीत भरायचा, कारण लेसरनंतर तिला आंबट नाही, गोड संत्रं लागायचं. माझा नवरा पहिल्या वेळी आला होता. पार्किंग मिळालं नाही, त्यावर तो परतीच्या सगळ्या वाटेवर बोलला. पुढच्या वेळेपासून मी मेट्रोने एकटी जायला लागले. मेट्रोने खरंच बरं पडतं, मॅजेस्टिकला गाडी बदलायची की झालं. पण ती संत्र्याची डबी मी दर वेळी बघायचे.

तिथले सगळे तिचे. बाहेर नावं पुकारणारी मुलगी, नर्स, खुद्द डॉक्टरीणबाई, सगळ्यांशी तिचं कन्नडमधून असं चालायचं की हसण्याचे आवाज मला आतल्या खोलीत ऐकू यायचे. मी या गावात अर्धं आयुष्य काढलं, पण माझी कन्नड भाजीवाल्याच्या गाडीपाशी सुरू होते आणि रिक्षात संपते. डॉक्टरीणबाई माझ्याशी इंग्रजीत बोलायच्या, नीट, मुद्द्याला धरून. मला मुद्द्याचंच बोलणं आवडतं. तरी तिच्याशी त्या काय इतकं बोलतात, हे मला जाणून घ्यायचं असायचं.

एप्रिलमधल्या खेपेला तिने पिशवीतून इडली काढली आणि चमचा न घेता अख्खी घडी करून चावली. माझ्यासमोर. मी माझ्या डब्यातल्या भाताकडे पाहिलं.

सगळ्यात झोंबलं ते पुढे. शेवटच्या दोन खेपांत तिने स्वतःचा आकडा सांगणं बंद केलं. माझा विचारायची, मी "अकराच" म्हटलं की गुडघ्यावरची चुणी सारखी करत बसायची आणि विषय बदलायची. ती मला जपत होती. मी चाळीस माणसांच्या विभागात वरिष्ठ आहे, मला असं कोणी जपत नाही.

नागपंचमीच्या त्या शुक्रवारी मी वेळेवर पोचले. मलम लावून घेतलं आणि बसले. पर्समध्ये डबीत सकाळी वापरलेली जुडी होती. सकाळचा व्यायाम करून आले होते, अकरा काड्या. दुसरी जुडी घरी जाळीवर वाळत होती. ती आली ती कोरड्या तोंडाने, जरीकाठाची साडी नेसून, हातात स्टीलचा डबा.

"आज घेणार नाही मी," ती बसता बसता म्हणाली. "नागपंचमीला जाळून घ्यायचं म्हणजे कसंतरीच वाटतंय. पुढच्या शुक्रवारचं मागून घेतलं. तुम्ही घेणार अक्का?"

"घेणार. पंचांग बघून कातडी सैल होत नाही."

"सरी," म्हणजे बरं, म्हणाली आणि हसली. "भाजीला विळी लावत नाही आज आम्ही. तोंडाला कशी लावू?"

हेच फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर नाही म्हणणं बरं दिसत नाही म्हणून ती स्वतः आली होती, आणि येताना माझ्यासाठी दिंडं घेऊन आली होती. पुरण भरून उकडलेली, चौकोनी घडीची. मी आभार मानले. मनात आलं, हिला एक खेप सोडणं परवडतं. चालत्या गाडीतून उतरून पुन्हा चढण्याइतकं हिचं तोंड सरावलेलं आहे. माझी गाडी सुटलेलीच नाही.

"किती?" तिने विचारलं.

"अकराच."

ती डब्याचं झाकण पुन्हा दाबायला लागली. "होतंय अक्का. स्वल्प वेळ लागतोय."

"तुमच्या?"

"तशाच आहेत."

"तशाच म्हणजे किती?"

"चौदा," ती म्हणाली. चोरी सापडल्यासारखा चेहरा करून.

तेवढ्यात तिने डब्याची पिशवी रिकामी करायला घेतली आणि तिच्यातून काड्यांचं पाकीट निघालं, नवं कोरं, वरची पट्टीही न फाडलेलं. येताना दुकानातून घेतलं होतं. आणि मला एकाएकी उमगलं. निदान तसं वाटलं. काडी काडीत फरक असतो. हिच्या काड्या बारीक असणार. स्वस्तातलं पाकीट असणार. हिच्या चौदा म्हणजे माझ्या अकराच असतील, एखाद वेळी साडेदहाही. मापनशाळेत नवीन मुलाला पहिल्या दिवशी आम्ही एकच गोष्ट सांगायचो: आधी मापक तपास, मग माप घे. मी इतके महिने तिच्या आकड्यांवर जळत होते आणि तिचा मापक कोणी तपासलेलाच नव्हता.

मी म्हटलं, बघू एक. तिने पट्टी फाडून पाकीटच पुढे केलं. "घ्या की, लागतील तेवढ्या." मी एक घेतली आणि चष्म्याच्या घरात ठेवली. तिला वाटलं असेल मला लाकूड चांगलं वाटलं.

आत डॉक्टरीणबाईंनी विचारलं, किती. मी जुडी दाखवली. त्यांनी खुर्ची जरा जवळ ओढली आणि मुद्द्याचं बोलल्या. इतक्या खेपांनंतर काड्या वाढत नसतील तर माझ्या कातडीला हे लागू पडत नसावं. आजचं करू, पुढे थांबू. पुढच्या भेटीत पट्टीने मोजून शेवटचा निर्णय. दाढेचं विचारलं तर म्हणाल्या, मोठ्या इस्पितळाची तयारी ठेवलेली बरी. मी हो म्हटलं. मग डोळ्यांवर चष्मा चढला, कट्कट् सुरू झालं, आणि त्या वासात मी पूर्ण वेळ एकच विचार करत होते, की काडी चष्म्याच्या घरात नीट आहे ना.

घरी पोचले तेव्हा चार वाजत आले होते. तोंड पेटलं होतं. बर्फाची पिशवी धरली की बोटं पांढरी पडतात, म्हणून ती नवऱ्याने धरली. तो जरा टेकल्यावर मी कपाटातून जाडी मोजायचा व्हर्नियर काढला. पहिल्या बोनसमधून घेतलेला, स्वतःचा, तेलकट कागदात गुंडाळून ठेवते. याने तोंड का मोजलं नाही, असं मला नंतर काहींनी विचारलं. आरशासमोर एका हाताने पोलादाचे जबडे दातांशी धरून अंगठ्याने सरकवून पाहा, वाकलेल्या बोटांनी. मी एकदा केलं होतं. ओठ फाटला.

टेबलावर वर्तमानपत्र पसरलं. तिची काडी जबड्यात धरली. दोन मिलिमीटर. तीन ठिकाणी मोजली, दोन, दोन, दोन. एवढी सरळ काडी मी बाजारात पाहिली नव्हती.

माझ्या डबीतली काडी धरली. बसली नाही. जबडे आणखी उघडावे लागले.

मी व्हर्नियर पुसला, शून्य तपासलं आणि पुन्हा धरली. दोनच्या बऱ्याच पुढे. दुसरी काडी, तिसरी काडी, तेच. मग उठून ओट्याच्या खणातून माझं मूळ पाकीट काढलं. त्यात उरलेल्या काड्या होत्या, पाण्याचा थेंब न लागलेल्या. त्या दोन मिलिमीटर. तिच्या काडीशी तंतोतंत.

लाकूड दाबून केलेली काडी, महिनोन् महिने एक दिवसाआड मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं उकळलेली. ती फुगली होती. वाळली तरी पूर्वपदावर आली नव्हती. कडांना तुसं निघालेली, पोट सुटलेली. थोडी थोडी फुगत गेली म्हणून दाताला कळलं नाही, आणि रोज हाताळत होते म्हणून डोळ्यांनाही नाही. तोंड उघडत होतं, काड्याही वाढत होत्या, फक्त संख्येने नाही.

नवऱ्याने बर्फाची पिशवी घेऊन येत विचारलं, काय मोजतेस. मी म्हटलं, मूर्खपणा. तो म्हणाला, एवढ्या छोट्या यंत्राने?

लेसर झालेल्या तोंडाने आता मोजून बघता येणार नव्हतं. काही दिवस ताणायची मनाई. पण त्याची गरजही नव्हती. सकाळचं माप डबीत रबर लावून ठेवलेलंच होतं, त्याला अजून पाणी लागलेलं नव्हतं. मी अकरा काड्यांची जुडी दाताने दाबली जाते तशी बोटांनी घट्ट दाबली, माझ्या बोटांनी जमेना तेव्हा नवऱ्याला दाबायला लावली, आणि व्हर्नियरमध्ये धरली.

सव्वीस.

मी बसून राहिले. खरं सांगायचं तर पहिला विचार दाढेचा आला नाही. पहिला विचार असा आला, की म्हणजे तिची काडी बरोबर आहे. चौदा म्हणजे चौदाच. दुपारी उन्हातून, पेटलेल्या तोंडाने, मी तिचा आकडा खाली आणायचं ठरवून घरी आले होते, आणि तो जागचा हलला नव्हता. वर कोऱ्या काड्यांच्या हिशेबाने माझ्या तेरा झाल्या होत्या. म्हणजे अजूनही मी एकीने मागेच.

दाढेचा विचार दुसरा आला. पंचवीस हवे होते. मग मात्र मी नवऱ्याला पुन्हा जुडी दाबायला लावून पुन्हा मोजलं. सव्वीस. त्याने ते स्वतःही वाचलं, चष्मा कपाळावर चढवून, आणि बर्फाच्या पिशवीवर नवा रुमाल गुंडाळून आणला. संध्याकाळी मला विचारून त्याने तिची दिंडं पुन्हा वाफवली आणि माझी वाटी तूप घालून कुस्करून दिली. पुरणात सुंठ जरा जास्त होती. तेवढं एक बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आरशात तोंड लाल आणि खडबडीत होतं. दहा वाजता दातांच्या डॉक्टरचा दवाखाना उघडतो, तेव्हा फोन केला. म्हटलं, सव्वीस आहे. त्याने विचारलं, कशाने मोजलं. व्हर्नियरने, म्हटलं. तो म्हणाला, या मॅडम, मी एकदा पाहीन, पण सव्वीस असेल तर खुर्चीतच करू. ओठ भरून यायला वेळ देऊन त्याने महिनाअखेरची तारीख दिली. डॉक्टरीणबाईंना निरोप पाठवला की निर्णय घ्यायच्या आधी पट्टी लावा, माझ्या काड्या चुकीच्या होत्या.

मग तिला फोन केला. काय झालं ते सांगितलं. तिची काडी मी का मागितली तेवढं गाळलं. ती आधी हसली, मग तिला हसू आवरेना, आणि मग तिने नवऱ्याला हाक मारून कन्नडमध्ये सगळं पुन्हा सांगितलं. त्यात मला माझ्या काड्यांपुरतं कळलं, "बेयिसिदरंते", उकडल्या म्हणे.

"तेरा अक्का! बघा, होत होतं की नाही?"

"हो. तुमच्या चौदाच ना अजून?"

"छे. सकाळी पंधरावी गेली," ती म्हणाली. लगेच, न कचरता, जराशा तोऱ्यात.

मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. दोन्ही जुड्या सोडून कुंडीत कोथिंबिरीच्या रोपांना आधाराला खोचल्या. मूळ पाकिटातल्या कोऱ्या काड्या काढून तेरा मोजल्या, चौदावी बाजूला ठेवली. नवरा विचारत होता, आज तवा चालतो का. चालतो, म्हटलं, आणि तवा चढवला.